न केलेल्या कामाची मजुरी

सिगारेट सोडायचं अ‍ॅप मुलीनं माझ्या फोनमध्ये घालून दिलं. नाताळची सुट्टी लागली होती, आठवीतल्या पोरीला दुसरं काम नव्हतं, आणि शाळेत नुकतंच कुणीतरी येऊन तंबाखूवर भाषण देऊन गेलं होतं. ‘पप्पा, चारच प्रश्न आहेत,’ म्हणाली आणि माझ्याच फोनवरून माझी उलटतपासणी सुरू केली. दिवसाला किती? बारा. किती वर्षं? एकवीस. पाकिटात किती असतात? इथं अ‍ॅपनं आधीच वीस लिहून ठेवलं होतं. पाकिटाची किंमत? तिथं डॉलरचं चिन्ह.

मी पाकीट कधी घेतच नव्हतो. टपरीवर सुटी घ्यायची, दोऱ्यानं बांधलेल्या लायटरवर पेटवायची आणि चहाबरोबर संपवायची. पाकीट घेतलं की जास्त ओढली जाते अशी माझी समजूत. शिवाय पाकीट खिशात सापडलं की घरात बोलणी. मुलीनं बऱ्याच खटपटीनं रुपयाचं चिन्ह शोधलं, पाकिटात एक सिगारेट असते असं अ‍ॅपला पटवून दिलं आणि पुढं लिहिलं : अठरा रुपये.

सुटी सिगारेट आणि बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. कुठल्याही टपरीवाल्याला हे सांगून बघा, तो तुम्हाला आधी बसायला जागा देईल. पण सुटी घेणाऱ्याची एक वेगळीच फसगत होते, ती मला त्या दिवशी कळली. २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूंच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र आणि मजकूर आहे. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा मोफत नंबरही छापतात. ते सगळं राहतं टपरीवाल्या अण्णाच्या हातात. आपल्या हातात येते ती नुसती पांढरी कांडी, तिच्यावर ना इशारा असतो, ना नंबर.

अम्मा खाटेवर बसून चटणीसाठी शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, ‘काय चाललंय बापलेकीचं?’

‘सिगारेट सोडतोय.’

‘फोनवर?’

‘हे मोजतं.’

‘काय मोजतं?’

‘न ओढलेल्या सिगारेटी.’

अम्माचे हात थांबले. मग ती अशी हसली की तिला ठसका लागला. ‘म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी!’ आमच्या घरात बोलणं तेलुगूत चालतं. तिनं ते तेलुगूत म्हटलं, मराठीत आणताना त्यातली अर्धी खोच वाटेत सांडली.

तिला हसायचा हक्क होता. चाळीस वर्षं तिनं बिड्या वळल्या. सोलापूर म्हणजे चादर असं बाहेरगावचे लोक समजतात, आणि ते काही खोटं नाही. पण आमच्या पूर्व भागात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत सूप, असा संसार होता. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी मऊ झालेलं पान पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीनं कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान डाव्या हातावर, चिमूटभर तंबाखू, दोन्ही अंगठ्यांचं एक वळण, तोंड नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. या सगळ्यात डोळ्यांचं काही काम नसे. डोळे आमच्या अभ्यासावर असत. तिला वाचता येत नव्हतं, पण पुस्तकाचं पान उलटायला उशीर झाला की मी डुलकी घेतोय हे तिला कळायचं.

पंचवीस बिड्यांची जुडी, चाळीस जुड्यांची हजारी. हजारी घेऊन कारखान्यात जायचं. तिथं चेकर बसलेला. तोंड सैल, दोरा ढिला, पान चिरलेलं, अशा बिड्या तो चटचट बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाट जास्त निघाली की अम्मा घरी येऊन चेकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि जेवण उरकून, तेवढी भर घालायला, पुन्हा सूप मांडीवर घ्यायची.

माझी बी. कॉम.पर्यंतची फी या सुपातून निघाली. आमच्यासारख्या हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदुताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत आहे. कामगार नेते आडम मास्तर यांच्या चळवळीतून ती उभी राहिली आणि २००६ साली तिच्या सोहळ्याला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. अम्माच्या दोन मैत्रिणी तिथं राहायला गेल्या. त्यामुळे तंबाखूला सरळ सैतान ठरवणारं भाषण ऐकलं की माझी जरा पंचाईत होते. वडील माग चालवायचे आणि बिडी ओढायचे. ते दम्यानं गेले असं आम्ही म्हणतो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाव वेगळं आणि लांबलचक होतं.

तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी मी शून्यावर उभा राहिलो.

पहिले तीन दिवस कसे गेले ते बायकोला विचारा, मला नीट आठवत नाही. निकोटिन अंगातून भराभर ओसरतं, साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून तर दिवसभर भर घालावी लागते. दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ निघून जातं आणि नेमके तेच दिवस सगळ्यांत वाईट. मी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधला. एका पार्टीचं बिल दुसऱ्या पार्टीला पाठवलं. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

अ‍ॅप मात्र खुशीत होतं. वीस मिनिटं झाली, नाडी उतरली. एक दिवस झाला, रक्तातला विषारी वायू गेला. दर थोड्या वेळानं एक बिल्ला. शाळेत मला कधी बिल्ला मिळाला नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या टिंग आवाजाचा राग यायला लागला. माणूस विसरायला बघतोय आणि हे दर तासाला आठवण करून देतंय की तू विसरलास, शाब्बास.

एका बटणानं मात्र काम केलं. ‘तलफ आली’ अशा अर्थाचं ते बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर एक निळा गोळा यायचा. तो फुगला की श्वास आत, आटला की बाहेर. तलफ काही मिनिटंच टिकते, पुरी केली नाही तरी ओसरते, ही गोष्ट मला एकवीस वर्षांत ठाऊक नव्हती. कळणार कशी? मी तिला कधी चार मिनिटं जगूच दिलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुपारी साडेतीनला आम्ही चौघं चहाला बाहेर पडतो. पाचव्या दिवशी टपरीसमोर, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात फोन धरून मी त्या गोळ्याबरोबर श्वास घेत उभा होतो. शेजारचा धूर सरळ तोंडावर येत होता. जीभ टाळूला चिकटली, बोटं आपोआप खिशाकडं गेली, सुट्टे पैसे चाचपून परत आली. ‘काय बे, कुणाचं स्टेटस बघतोय एवढं?’ दोस्तानं विचारलं. मी मान हलवली. गोळा फुगला, आटला, फुगला. चहावर साय धरली. आणि मग एकदम, कुणीतरी खांद्यावरचा हात काढून घ्यावा तसं ते गेलं. गार चहा मी पिऊन टाकला. इतका वाईट चहा मी कधी प्यालो नव्हतो, आणि तो अजून आठवतो.

मागावरच्या एका कामगाराला हे दाखवलं. त्यानं लक्ष देऊन सगळं पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, ह्यात माव्याचं हाय का?’ नव्हतं. सोलापुरात मावा कसा चालतो ते मी सांगायला नको, कोपऱ्याकोपऱ्यावर पिशवीत चोळून पुडी तयार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. दूर कुठंतरी बसून ज्यानं हे अ‍ॅप लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर वीसचं पाकीट होतं. माझी सुटी सिगारेट त्यात ओढूनताणून बसली. पुडी कुठल्या रकान्यात भरणार? त्यानं फोन परत दिला आणि तोंडातली गोळी दुसऱ्या गालात सरकवली.

पैशांचा रकाना मी मुद्दाम बघत नव्हतो. एका रात्री नजर गेली. बारा गुणिले अठरा, दिवसाचे २१६ रुपये. अम्माचे डोळे अधू झाले आणि तिनं सूप भिंतीला टांगलं, त्या वर्षी हजार बिड्यांची मजुरी याच्या आसपासच होती, थोडी कमीच. म्हणजे मी टपरीवर उभं राहून रोज एक हजारी फुंकत होतो. हे मी अम्माला अजून सांगितलेलं नाही. इथं लिहितोय कारण ती वाचणार नाही.

झोप उडाली होती, तेव्हा रात्री फोनवर वाचत पडायचो. या सगळ्याचा उपयोग होतो का, हे मला हिशेबनिसाच्या नजरेनं बघायचं होतं. ब्रिटनमधला एक मोठा प्रयोग २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलाय. ५,८०० माणसं घेतली, निम्म्यांना सिगारेट सोडायला धीर देणारे मेसेज पाठवले, निम्म्यांना तंबाखूशी संबंध नसलेले. सहा महिन्यांनी नुसतं विचारलं नाही, लाळ तपासली. मेसेजवाल्यांत १०.७ टक्के लोक टिकले होते, दुसऱ्या गटात ४.९. साधे मेसेज, चित्र नाही, बिल्ला नाही. त्यात एक सोय अशी की तलफ आली तर तेवढा एक शब्द पाठवायचा, लगेच उलट मेसेज यायचा. आणि पाय घसरला, एखादी ओढली, तर त्यासाठीही वेगळा शब्द होता. त्यालाही उत्तर यायचं. आपल्याकडंही २०१६ साली सरकारनं मिस्ड कॉल दिला की मेसेज पाठवणारी योजना सुरू केली होती. मला तिचा पत्ता नव्हता.

अ‍ॅपचं खातं एवढं चोख नाही. दुकानात ढिगानं अ‍ॅप आहेत, पण तपासून पाहिलेली फार थोडी. २०२० साली अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २,४१५ जणांवर दोन अ‍ॅपची तुलना केली. एक तलफेपासून लांब राहायला सांगणारं, दुसरं तलफ येऊ द्या, तिच्याकडं बघा, जाऊ द्या असं शिकवणारं. वर्षभरानंतर, आधीच्या महिनाभरात एकही ओढली नाही असं सांगणारे पहिल्यात २१ टक्के होते, दुसऱ्यात २८. सांगणारे, बरं का, इथं लाळ तपासली नव्हती. म्हणजे चांगल्यातलं चांगलं धरलं तरी शंभरातले बहात्तर तसेच राहिले. हे आकडे वाचून माझा धीर खचायला हवा होता. उलट बरं वाटलं. मी एकटाच गाढव नव्हतो.

तेविसाव्या दिवशी गड्डा.

सिद्धरामेश्वराच्या यात्रेचे दिवस आणि पुण्याला गेलेले दोस्त परत आलेले. नंदीध्वज, अक्षता सगळं झालं आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री आम्ही होम मैदानाच्या कडेला उभे होतो. थंडी होती. आभाळात हिरवं-तांबडं फुटत होतं आणि सगळी गर्दी माना वर करून बघत होती. दोस्तानं एक पेटवली आणि नेहमीच्या सवयीनं दुसरी माझ्यापुढं धरली. त्याला माहीत नव्हतं. मी घेतली. गोळ्याची आठवणसुद्धा झाली नाही. अर्धी संपल्यावर लक्षात आलं की मी ओढतोय, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

रात्री अ‍ॅपनं विचारलं, आज ओढलीत का? मी ‘नाही’ दाबलं.

यंत्राशी कुणी खोटं बोलतं का? पण ते यंत्र मुलगी रोज सकाळी उघडून बघायची. पुढचे चार दिवस रोज एक-दोन होत राहिल्या, सात झाल्या, आणि अ‍ॅप मला बिल्ले देत राहिलं. २७ दिवस, ३२४ सिगारेटी, ५,८३२ रुपये. शेवटी लाजेनं मी खरं सांगितलं. ‘हो’ दाबलं.

सगळं शून्य झालं. दिवस शून्य, बिल्ले शून्य, सिगारेटी शून्य. इथवर मी समजू शकतो. पण पैसेही शून्य! अहो, मी हिशेबनीस आहे. ५,८३२ मधून सात सिगारेटींचे १२६ वजा करा, बाकी ५,७०६. ती बाकी गेली कुठं? खातेवहीत असं कुणी केलं तर आम्ही त्याला कामावरून काढतो. एका नोंदीत चूक झाली म्हणून कुणी अख्खी वही जाळत नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी विचार केला की शून्यच आहे तर शून्यच. पुऱ्या बारा ओढल्या, एकही कमी नाही. व्यसन सोडवणाऱ्या लोकांना माणसाची ही चाल चांगली ठाऊक असते. एक ओढली म्हणून फारसं बिघडत नाही. एक ओढल्यावर आता सगळंच गेलं असं वाटतं, तिथं बिघडतं. त्या अ‍ॅपनं ते वाटणं अंकात लिहून, मोठ्या अक्षरांत पडद्यावर मांडलं होतं.

संध्याकाळी अम्मानं रोजच्यासारखं विचारलं, ‘किती झाले?’

‘शून्य.’

‘परवा पंचवीसच्या वर होते की.’

‘मधे ओढल्या. म्हणून सगळं गेलं.’

तिनं थोडा वेळ शेंगा फोडल्या. मग विचारलं, ‘छाट किती निघाली?’

मी मनात जुळवलं. ‘एकोणीस.’

‘कितीतनं?’

अठ्ठावीस दिवस, बाराच्या हिशेबानं. ‘तीनशे छत्तीस.’

‘आणि सगळा माल फेकला?’

‘हो.’

‘चेकर लई कडक दिसतोय तुझा.’ मूठभर शेंगा तिनं माझ्यापुढं सरकवल्या. ‘अशा ठिकाणी कोण काम करील? दुसरा कारखाना बघ.’

दुसरा कारखाना म्हणून मी तो पाकिटावरचा नंबर लावला. त्यासाठी अण्णाकडून पाकीट मागून घ्यावं लागलं, त्यानं काढून दिलं आणि मी त्यावरचा नंबर उतरवून पाकीट परत केल्यावर बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. घाईत नव्हत्या. किती दिवस सुटली होती हे त्यांनी आधी विचारलं, किती ओढल्या ते नंतर. नवी तारीख ठरवून घेतली आणि त्या तारखेनंतर स्वतःहून फोन केले. निकोटिनचा च्युइंगगम कसा खायचा तेही त्यांच्याकडून कळलं. मी तो आधी साध्या गोळीसारखा चघळून उचक्या लावून घेतल्या होत्या. थोडा चावायचा, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. हे ऐकून मला तो मागावरचा कामगार आठवला. गालात दाबून ठेवायचं शास्त्र त्याला शिकवावं लागलं नसतं.

अ‍ॅप मी काढलं नाही. निळा गोळा ठेवला, बाकी सगळ्या सूचना बंद केल्या. मोजणी मात्र जुन्या लेजरच्या मागच्या पानांवर नेली. रोजची एक रेघ, पंचवीस रेघांची जुडी. ज्या दिवशी ओढली त्या दिवशी तांबड्या पेनानं टिंब, आणि रेघांची मोजणी पुढं चालू. आज सव्वा वर्ष होतंय. अठरा जुड्या झाल्यात. नव्या तारखेपासून तांबडी टिंबं नऊ, त्यातली चार एकाच आठवड्यातली, ऑडिटच्या. वजन पाच किलोनं वाढलं, त्याला शेंगा जबाबदार आहेत असं बायको म्हणते. साडेतीनच्या चहाला मी अजूनही जातो. दोस्तांचा धूर अजूनही गोड लागतो, याची कुणी आधी कल्पना दिली नव्हती. आणि हो, हातात सिगारेट नसली की फोन येतो, मग रील बघत चहा पुन्हा गार होतो. त्याचं अ‍ॅप मुलीनं अजून टाकलेलं नाही. तिच्या आईला तिचाच फोन आधी काढून घ्यावा लागेल.

परवा रात्री लाइट गेली. उकाडा होता, मी आणि अम्मा दारात बसून अंधारात शेंगा फोडत होतो. त्या कामाला आम्हा दोघांनाही उजेड लागत नाही. कुंभारीच्या मैत्रिणीच्या नातीचं लग्न ठरल्याचं ती सांगत होती. बोलता बोलता तिनं शेंगांच्या पुडीचा कागद हातात घेतला, एक तुकडा फाडला, तळहातावर ठेवला, अंगठ्यांनी वळला, तोंड नखानं आत दुमडलं, आणि दोऱ्यासाठी हात मांडीकडं गेला. मांडीवर सूप नव्हतं. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं ती कागदी बिडी दोन बोटांत फिरवून पाहिली आणि माझ्यापुढच्या टरफलांच्या ढिगावर टाकली.

‘छाट,’ म्हणाली.